तपासनीस घराबाहेरचा : रेल्वे सुरक्षा आयोगाची वाटचाल

“सीआरएस झाली का?” नवा लोहमार्ग जिथे पडतो तिथल्या गावांत हा प्रश्न चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतो. नगरहून बीडमार्गे परळीला जाणारा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि त्याची वाट पाहत एक पिढी म्हातारी झाली. आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा टप्पा तयार झाला तेव्हा रूळ होते, स्टेशने होती, चाचणीचे इंजिनही येऊन गेले होते. तिकीट काढून गाडीत बसायला मात्र २३ सप्टेंबर २०२२ उजाडावा लागला. तयार दिसणारा मार्ग आणि सुरू झालेला मार्ग यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. त्याचे पद म्हणजे रेल्वे सुरक्षा आयुक्त, इंग्रजी आद्याक्षरांत सीआरएस. लोकांच्या तोंडी त्या पदाचेच तपासणीला नाव पडले.

तपासणीच्या दिवशी हा आयुक्त मोटारट्रॉलीवर बसून मार्गाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघतो. वळण आले की ट्रॉली थांबते. दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटरच्या मापाशी ताडून पाहिले जाते, वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती उचलला आहे ते मोजले जाते, खडीची जाडी पाहिली जाते. पूल आला की खाली उतरून बेअरिंग पाहायचे. फाटक आले की गेटमनला नियम विचारायचे. स्टेशनात सांधे एका बाजूला वळवून विरुद्ध मार्गाचा सिग्नल हिरवा होतो का, ते मुद्दाम करून पाहायचे. तो होता कामा नये. शेवटी खास गाडी वेगाने पळवली जाते. मग अहवाल. १९८९ चा रेल्वे कायदा सांगतो की, नव्या मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू करण्याआधी आयुक्ताने काळजीपूर्वक पाहणी करून, जनतेला धोका न होता हा मार्ग खुला करता येईल, असे मत दिले पाहिजे. उद्घाटनाचा मांडव पडलेला असला आणि पाहुणे ठरलेले असले तरी हे मत आधी लागते.

या अधिकाराचा जन्म आपल्याकडच्या पहिल्या गाडीइतका जुना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खासगी कंपनीची. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. नफा कमी पडला तर तूट सरकारी तिजोरीतून भरायची. ज्याच्या तिजोरीवर बोजा, त्याला कामावर नजर ठेवण्याचा हक्कही हवा. म्हणून कंपन्यांची बांधकामे आणि वाहतूक पाहण्यासाठी सरकारने सल्लागार अभियंते नेमले. सुरुवातीचे हे अभियंते बहुतेक लष्करातले. पुढे सरकार स्वतःच रेल्वे बांधू लागले तेव्हा त्यांना सरकारी निरीक्षक म्हणू लागले.

नजर ठेवणे किती गरजेचे होते हे सह्याद्रीने लवकरच दाखवून दिले. भोर घाटातला मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला : सदतीस फुटांना एक फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि बांधताना रोगराईने व अपघातांनी गेलेले हजारो मजूर. चारच वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, या घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. कंपनीचे दगडकाम किती कच्चे होते ते त्यानंतर उघड झाले आणि मार्गावरची अनेक बांधकामे पुन्हा करावी लागली. वरून घडीव दिसणाऱ्या दगडांच्या आत चुना कसला आहे, भराव कसला आहे, हे पाहणारा डोळा कंपनीच्या पगारावर असून भागणार नव्हते.

१८८३ मध्ये निरीक्षकांच्या पदाला कायद्याची मान्यता मिळाली. नंतर मात्र गाडी उलट्या दिशेने गेली. १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड स्थापन झाले आणि निरीक्षक या बोर्डाच्या हाताखाली आले. आता रेल्वे चालवणारे बोर्ड, नियम करणारे बोर्ड आणि चूक शोधणाऱ्याचा वरिष्ठही बोर्डच. छत्तीस वर्षे हे असेच चालले.

ते बदलायला बिहटा घडावे लागले.

१७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा इथे ईस्ट इंडियन रेल्वेची हावड्याकडे जाणारी एक्स्प्रेस रुळांवरून घसरली. शंभराहून अधिक माणसे मेली. गाडीला एक्सबी जातीचे वाफेचे इंजिन होते. हिंदुस्थानातल्या रेल्वेसाठी प्रमाणित आराखड्याने विलायतेत बनवलेली ही इंजिने विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि आल्यापासून वेगात डोलतात अशी त्यांची ख्याती होती. चालक ते जाणून होते, रूळ सांभाळणारे गँगमनही जाणून होते. कारण गाडी गेल्यावर वाकडे झालेले रूळ सरळ करण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येई. तरीही इंजिने धावत राहिली.

त्यानंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते ब्रिटनच्या रेल्वे निरीक्षणालयाचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल माउंट. तिथले नामांकित इंजिनरचनाकार विल्यम स्टॅनियर हेही समितीत होते. ही मंडळी इथे आली, इंजिने पळवून पाहिली, डोलण्याची मोजमापे घेतली. इंजिनाची पुढची बोगी आणि मागची चाके बाजूला सरकली की त्यांना मध्यावर परत आणणाऱ्या स्प्रिंगा कमजोर होत्या. म्हणून ठरावीक वेगापुढे इंजिन नागमोडी धावू लागे आणि त्याच्या आडव्या धक्क्यांनी रूळच सरकत. दोष यंत्राचा होता, मार्गाचाही होता, आणि दोघांचे जिथे जुळायला हवे तिथे कोणी एकत्र पाहिलेच नव्हते. यंत्रवाले म्हणत मार्ग वाईट, मार्गवाले म्हणत इंजिन वाईट. १९४७ पासून आलेल्या डब्ल्यूपी इंजिनांच्या रचनेत या चुकीतून मिळालेला धडा उतरला.

समितीने आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवले : निरीक्षक बोर्डाच्या हाताखाली असणे योग्य नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातही तेच तत्त्व आले होते. सुरक्षिततेचे काम आणि अपघातांची चौकशी रेल्वे चालवणाऱ्यांपासून स्वतंत्र असलेल्या अधिकाऱ्याकडे हवी, असे त्यात लिहिले होते. महायुद्धामुळे त्या कायद्यातली बरीच व्यवस्था कागदावरच राहिली. पण १९४० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने निरीक्षकांना वेगळे करण्याचा ठराव केला आणि मे १९४१ मध्ये ते बोर्डाकडून काढून टपाल व हवाई खात्याकडे दिले गेले. आज रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयात का, असे अनेकांना कोडे पडते. त्याचे उत्तर इथे आहे. विमानांशी रुळांचा काही संबंध होता म्हणून नव्हे, तर रेल्वेच्या घराबाहेर जी खोली मोकळी होती ती ही होती म्हणून. तेव्हापासून विमान वाहतूक ज्या मंत्रालयाकडे गेली त्या मंत्रालयाकडे ही संस्थाही गेली. १ नोव्हेंबर १९६१ रोजी तिला आजचे नाव मिळाले आणि प्रमुखाला मुख्य रेल्वे सुरक्षा आयुक्त म्हणू लागले.

मुख्य आयुक्तांचे कार्यालय लखनौला आहे. तिथे यांत्रिकी, विद्युत, सिग्नल व दूरसंचार आणि वाहतूक या शाखांचे जाणकार अधिकारी असलेला तांत्रिक विभाग आहे. देशभर नऊ मंडळे आहेत. त्यांपैकी मध्य आणि पश्चिम ही दोन मुंबईत बसतात. एवढ्या मोठ्या रेल्वेसाठी ही संस्था फारच लहान आहे. मोजकेच आयुक्त, आणि हजारो किलोमीटरचे रूळ एकेकाच्या वाट्याला.

अपघातानंतरचे काम सर्वांत अवघड. प्रवासी गाडीच्या अपघातात जीव गेला किंवा गंभीर इजा झाली की आयुक्ताने चौकशी करायची. वर्तमानपत्रांत जाहीर आवाहन निघते : ज्याला काही माहीत असेल त्याने अमुक दिवशी अमुक ठिकाणी यावे. चालक, गार्ड, स्टेशनमास्तर, सांधेवाला, जखमी प्रवासी, शेतात काम करताना गाडी पाहिलेला शेतकरी, सगळ्यांचे जबाब होतात. पण सर्वांत बोलका साक्षीदार मोडलेला रूळ. त्याच्या तुटलेल्या तोंडावर जुना गंज असेल तर चीर आधीपासून होती. लखलखीत असेल तर तो त्याच क्षणी तुटला. चाकाच्या कडेने रुळाच्या माथ्यावर चढताना उठवलेली रेघ किती लांब आहे यावरून चाक हळूहळू चढले की एकदम उडाले ते समजते. म्हणूनच क्रेन येऊन डबे हलवण्याआधी ही मापे घेण्याची धडपड असते, आणि त्याच वेळी अडकलेली माणसे काढायची असतात. जीव वाचवणे आधी, यात कोणाचेच दुमत नसते.

कोकणाला याची ओळख दुःखातून झाली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे येणारी सुट्टीची विशेष गाडी कटिंगमधून रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. वर्षही पुरे झाले नव्हते, तोच १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीने घसरली. बांधताना हा मार्ग देशाचा अभिमान होता, आजही आहे. पण लाल मातीच्या कड्यांचा उतार किती ठेवायचा, हे पावसाने पुन्हा शिकवले. उतार कमी केले गेले, जाळ्या लागल्या, पावसाळ्यात वेग कमी झाला, रात्रंदिवस गस्त सुरू झाली. जूनमध्ये कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलले की चाकरमानी कुरकुरतात. त्या वाढलेल्या तासाच्या मागे हे दोन जून आहेत.

मुंबईने या संस्थेला वेगळेच काम दिले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. तारेतला दाब १५०० व्होल्ट, एकदिश प्रवाह. देशात इतरत्र २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह रुळला तरी मुंबई जुन्याच विजेवर होती. ती बदलायची, आणि तीही लोकल बंद न करता, हे काम पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१६ मध्ये पूर्ण झाले. बाहेरच्या माणसाला वाटते, तारेत वेगळी वीज सोडली की झाले. प्रत्यक्षात सगळेच बदलते. पंचवीस हजार व्होल्टची तार आणि तिच्यावरच्या पुलाचा तळ यांत साधारण पाव मीटर तरी मोकळी हवा लागते. ब्रिटिशकालीन पुलांखाली ती नव्हती. मग कुठे पूल उचला, कुठे रूळ खाली न्या. भायखळा आणि सँडहर्स्ट रोडमधला १८७९ चा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडावा लागला तो याच कारणाने. प्लॅटफॉर्मवरचे पत्रे, कुंपण, पादचारी पुलांचे कठडे, सगळ्यांना भूसंपर्क द्यावा लागतो. नाहीतर जवळच्या तारेमुळे त्यांतही दाब निर्माण होतो. रुळांवर गाडी आहे की नाही हे ओळखणारी ट्रॅक सर्किट तर उलटीच करावी लागतात : एकदिश विजेच्या भागात ती प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात, प्रत्यावर्ती विजेच्या भागात एकदिश प्रवाहावर, म्हणजे इंजिनाची वीज आणि सिग्नलची वीज एकमेकांत मिसळून खोटा हिरवा दिवा लागणार नाही. हे सारे टप्प्याटप्प्याने तपासून आयुक्तांची परवानगी घेत पुढे जायचे होते, आणि रोज पहाटे पहिली लोकल वेळेवर सुटायची होती. रात्रीच्या त्या तीन-चार तासांच्या ब्लॉकमध्ये राबलेल्या माणसांची नावे कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. त्यांचा आदराने उल्लेख व्हायला हवा.

डब्यांचेही तसेच. नवी गाडी आली की लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेचे अभियंते तिच्यात कंपमापके बसवून ती पळवतात. १९५७ मध्ये जुने प्रमाणके कार्यालय आणि रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र एकत्र करून ही संस्था उभी राहिली; बिहटाचा धडा तिच्या कामातच मुरला आहे. लोकलच्या चाचणीत माणसांच्या जागी वाळूची पोती रचतात, कारण गर्दीने भरलेल्या डब्याच्या स्प्रिंगा आणि ब्रेक रिकाम्या डब्यासारखे वागत नाहीत. डोलणे मर्यादेत असेल तर वेगाचा दाखला मिळतो आणि मग आयुक्तांकडे अर्ज जातो. पहिली वातानुकूलित लोकल २०१६ मध्ये मुंबईत आली ती मध्य रेल्वेकडे. तिची उंची जुन्या पुलांखाली अडचणीची ठरली आणि अखेर २५ डिसेंबर २०१७ रोजी ती पश्चिम रेल्वेवर धावली.

पूल रुळांच्या वर असला तरी प्रश्न आयुक्तांचाच. ३ जुलै २०१८ च्या सकाळी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. लोकलच्या मोटरमनने वेळेत ब्रेक लावला म्हणून मोठी हानी टळली, तरी जखमींपैकी काहींचा जीव गेला. आयुक्तांच्या चौकशीत गंजलेले लोखंड आणि वर्षानुवर्षे पुलावर चढत गेलेल्या केबलींचे व फरशांचे ओझे समोर आले. पूल एकाने बांधला, केबली दुसऱ्याने टाकल्या, रंग तिसऱ्याने दिला. त्यानंतर शहरातल्या रेल्वेवरच्या पुलांची रेल्वे, महापालिका आणि आयआयटी यांनी मिळून तपासणी सुरू केली.

मेट्रोने कामाची व्याप्ती आणखी वाढवली. २००२ च्या मेट्रो कायद्याने मेट्रोसाठीही सुरक्षा आयुक्त आले. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, पुढे नागपूर, पुणे आणि मुंबईच्या भुयारी मार्गाची पाळी आली. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत एकच ओळ : आयुक्तांच्या प्रमाणपत्राची प्रतीक्षा.

विजेचे सर्किट बरोबर आहे की नाही, ते पाहणे पूल पाहण्याइतके सोपे नसते. २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा मिळाला, पण सांधा वळला होता लूप मार्गाकडे, जिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे गेली. चौकशी आयुक्तांनी केली. त्या दिवशी फाटकाच्या अडसराचे काम करताना तारा जोडल्या गेल्या त्या चुकीच्या; पण मूळ चूक त्याआधीची होती. २०१८ मध्ये सर्किटात बदल करताना पेटीतल्या तारांवरच्या चिठ्ठ्या आणि प्रत्यक्ष जोडणी यांत फरक राहिला आणि तो पाच वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही. त्याच विभागातल्या दुसऱ्या एका स्टेशनात मे २०२२ मध्ये चुकीच्या जोडणीमुळे अशीच घटना घडली होती. तिची दखल घेऊन उपाय केले असते तर हा अपघात टळला असता, असे अहवालात आले. सिग्नलवाल्यांच्या कामात एक जुना पाठ आहे : जोडणी झाल्यावर एक माणूस पॅनेलजवळ आणि दुसरा सांध्याजवळ उभा राहतो, आणि पॅनेलवर जे दिसते तेच जमिनीवर आहे का, हे एकेक सांधा वळवून ओरडून सांगतो. त्याला वेळ लागतो. त्या वेळात गाड्या थांबतात. तरीही तो पाठ एकदाही चुकवता येत नाही.

इथे आयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याच्या शिफारशी रेल्वे बोर्डाला बंधनकारक नाहीत. त्याला स्वतःची वेगळी सेवाभरती नाही. अधिकारी रेल्वेच्याच सेवांतून येतात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला तेव्हा नियम करणारा, गाडी चालवणारा आणि नियमन करणारा एकाच छताखाली असल्याचे स्पष्टपणे नोंदवले आणि कायद्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली. ते प्राधिकरण अजून आलेले नाही. त्याच अहवालाने आणखी एक आकडा पुढे ठेवला : रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५,००० माणसे तेव्हा मरत होती, त्यांतली सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर. हे मृत्यू गाडीच्या अपघातात मोडत नाहीत, म्हणून आयुक्तांची चौकशी त्यांच्यावर होत नाही. माणसाचा जीव रुळावर जातो, पण खाते वेगळे. या आकड्याला चौकशीचा दरवाजा कधी उघडणार, हा प्रश्न या संस्थेपुढे नसला तरी तिच्या मालकांपुढे नक्कीच आहे.

दरम्यान आष्टीच्या पुढे रूळ सरकत गेले. प्रत्येक तुकड्यावर आधी मोटारट्रॉली गेली, मापे घेतली गेली, मग वेगाची गाडी आणि मग अहवाल. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्टेशनातून प्रवासी गाडी सुटली. परळीपर्यंतचे रूळ पडायचे आहेत. ते पडले की ट्रॉली पुन्हा येईल, आणि टपरीवर तोच प्रश्न विचारला जाईल.